पाळणुकीच्या दिवशी चालू ठेवलेलं किचन

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच कारणासाठी वाचत आलो — खोडून काढायला. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण येऊन बसतं... वाचून मी म्हणायचो, झोप कमी पडलीय, दुसरं काय! मी पत्रकं काढणारा माणूस आहे. रस्ता, पाणी, कचरा, बसथांबा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि आठवड्याच्या बाजारात उभं राहून वाटायची. भुताखेताला माझ्या पत्रकात कधी जागा नव्हती. आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आता दुसऱ्या कुणीतरी विकायला काढलीय.

गाव खानापूर तालुक्यातलं, लोंढ्याच्या बाजूचं, जंगलाच्या कडेला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर येत्या रविवारी तुम्हीच गाड्या काढून याल.

आमच्याकडे धबधबा आहे. तो आधीपासूनच होता, पण रील्स आल्यापासून तो 'स्पॉट' झाला. सुट्टीच्या दिवशी आमच्या गावात राहणं म्हणजे आपल्याच अंगणातल्या लग्नात वाढप्याचं काम करणं — मांडव आपला, पाणी आपलं, पंगतीत जागा मात्र नाही. बंगळूर, गोवा, पुणे, सगळीकडच्या गाड्या रस्त्यात आडव्या लावलेल्या, म्हणून आमची बस फाट्यावरूनच परत फिरते. म्हशी पाण्यावर न्यायच्या तर सेल्फीवाले वाट सोडत नाहीत. शाळेतली पोरं प्रार्थनेआधी बियरच्या बाटल्यांच्या काचा वेचतात. आमच्या शेजारचा म्हातारा अंगणात आंघोळीचं पाणी तापवत बसला होता, त्याचा फोटो कुणीतरी टाकला — खाली लिहिलं, 'सिंपल लाइफ'. अरे, त्याच्या घरात गिझरला लाइट टिकत नाही, म्हणून तो तिथं बसलाय! उन्हाळ्यात आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं आणि रिसॉर्टच्या स्विमिंग पूलला रोज.

त्या रिसॉर्टमध्ये माझी थोरली बहीण मंगल कामाला होती. मी तिला आक्का म्हणतो. नवऱ्यानं सोडल्यावर ती मुलीला घेऊन माहेरी आली. मुलगी आता बेळगावात कॉलेजला आहे आणि तिचं सगळं शिक्षण आक्काच्या पगारावर चालायचं. रिसॉर्टच्या बोर्डावर 'ऑथेंटिक विलेज फूड' असं लिहिलंय ना, ते म्हणजे आमची आक्का. भाकऱ्या, झुणका, भरली वांगी. बोर्डावर तिचं नाव कुठं नव्हतं, ते सोडा.

आता पाळणूक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात गावदेवीच्या यात्रेआधी एका मंगळवारी गाव पाळतात. सकाळी चुली विझवायच्या, दारांना कड्या-कुलपं घालायची आणि अख्ख्या गावानं — म्हातारीकोतारी, पोरं, जनावरं, कोंबड्यासुद्धा — शिवेबाहेर माळावर जायचं. तिथंच स्वयंपाक, तिथंच जेवण. गावात चूल पेटवायची नाही, पाणी भरायचं नाही, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. दिवेलागणीला परत यायचं. जुनी माणसं म्हणतात, तेवढा एक दिवस गाव देवीचं आणि गेलेल्यांचं. त्यांनी यावं, आपलं घर बघावं आणि जावं. आपण मधे लुडबुडायचं नाही.

मी यावर पत्रक काढलं होतं. पूर्वी प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, त्याचीच ही रीत झाली असणार, असं मी लिहिलं. मला ते अजूनही पटतं.

गेल्या वर्षी पाळणूक आली ती नेमकी जोडून सुट्टीत. रिसॉर्ट फुल्ल. तिथला मॅनेजर लांबचा कुणी नाही, हिंडलग्याकडचा, आमच्याच बोलीचा. आक्कानं सुट्टी मागितली तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"मंगलताई, मंगळवारी जमायचं न्हाय. गेस्ट हाईत."

"अण्णा, पाळणूक हाय. चूल पेटवत न्हाईत त्या दिवशी."

"चूल कुठं हाय हितं? गॅस हाय. गॅसला कसली आलीया पाळणूक!"

"रिसॉर्टबी शिवेच्या आतच हाय की."

"देव समजून घेतोय ओ. गेस्ट न्हाय समजून घेत. तुमाला जमत नसंल तर सांगा, नंदगडच्या दोघी विचारून गेल्यात."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्कानं माझा हात दाबला. घरी आल्यावर मी ओरडलो, पत्रक काढतो, पंचायतीत जातो, याला सोडत नाही. ती म्हणाली, "काढ की. पण कॉलेजची फी पत्रकानं भरतीया व्हय रं, संत्या?"

ती मंगळवारी कामावर गेली.

मी माळावर गेलो नाही. मला पुरावा हवा होता. गावाला कुलूप आणि रिसॉर्टच्या किचनमधून फोडणीचा धूर — हा व्हिडिओ कन्नड, मराठी दोन्ही ग्रुपवर टाकायचा, असं ठरवलं होतं. ऊन चांगलं वर आलं होतं. मोबाईल धरून मी गल्लीगल्लीतून फिरलो. आमच्या दारासमोर उभा राहून बराच वेळ शूट केलं. कुलूप, उंबरा, बाहेरचा कट्टा. एक माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. वाटेत मला रिसॉर्टचं एक जोडपं दिसलं, बंगळूरचं. गाइड माळावर गेलेला, म्हणून दोघं स्वतःच 'विलेज वॉक'ला निघालेली. मी हात केला, त्यांनी केला. ती आमच्या गल्लीकडे वळली आणि मी रिसॉर्टकडे.

किचनच्या मागच्या दारात उभा राहून मी आक्काला परत समजावत होतो. ती तव्यावरची भाकरी परतत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. तेवढ्यात ती बंगळूरची मुलगी घामेजून आत आली, मागोमाग तिचा नवरा. "आंटी, पाणी देता?" हे कन्नडमध्ये. तिला मराठी येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पाणी पिऊन ती म्हणाली, "तुमच्या गावचे लोक किती छान आहेत. पण पाणी कुणी देत नाही."

मी हसलो. "गावात आज कोणी नाही."

"आहेत की! खूप नाहीत, पण आहेत. कट्ट्यावर बसलेत. आम्ही एका आज्जींकडे पाणी मागितलं. त्यांनी हसून हात हलवला — नाही म्हणून. मग माळाकडे बोट दाखवलं. आणि मला एक निरोप सांगितला. दोन-तीनदा म्हणून घेतला माझ्याकडून. किचनमध्ये सांग म्हणाल्या... म्हणजे, तसंच म्हणाल्या असं मला वाटलं."

आणि मग ती मुलगी, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा, आमच्या बोलीत म्हणाली —

"ढवळे, चूल इझीव. माळावर जा."

आक्काच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

ढवळे म्हणून तिला एकच माणूस हाक मारायचा, आमची आई. लहानपणी आक्का दूध सोडून दुसरं काही पीत नसे, म्हणून ढवळी. तेही चारचौघांत कधी नाही, घरात, केस विंचरताना वगैरे. मीसुद्धा तिला या नावानं कधी हाक मारलेली नाही. आणि आई कोविडच्या दुसऱ्या लाटेत बेळगावच्या दवाखान्यात गेली. तिला गावात आणू दिलं नाही. तिचं सगळं तिकडेच, परक्या माणसांच्या हातून झालं. नर्सनं फोन धरून आम्हाला दाखवली, तीच शेवटची. सलाईनची पांढरी पट्टी चिकटवलेला हात तिनं वर केला होता.

मी मुलीला विचारलं, कशा दिसत होत्या आज्जी? माझा आवाज चढला होता, कारण मला वाटलं की कुणीतरी आमची चेष्टा चालवलीय. ती गडबडली. म्हणाली, हिरवं लुगडं. बारीक अंगाच्या. "आणि हाताला इथं पांढरी टेप होती. इंजेक्शन घेतल्यावर लावतात तशी." तिनं मोबाईल काढला, "फोटो घेतलाय ना मी," म्हणत दाखवला. आमचं दार. कुलूप. रिकामा कट्टा. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "इथंच बसल्या होत्या ना रे?" तो म्हणाला, "हो. इथंच."

आक्कानं गॅस बंद केला. एक, मग दुसरा. अर्धी भाजलेली भाकरी तव्यावर तशीच. पदराला हात पुसले आणि चालू लागली. मॅनेजर मागे धावला — "ओ मंगलताई, गेस्ट जेवायचे हाईत! गेलीस तर परत येऊ नकोस, सांगून ठेवतो!" ती मागं वळली नाही. माळावर बायकांत जाऊन बसली आणि ताटातलं सगळं जेवली.

नोकरी गेली, अर्थातच. आता ती पहाटेच्या बसनं खानापूरला एका खानावळीत जाते. पगार कमी. मुलीचं कॉलेज कसंबसं चालू आहे.

मी मात्र सोडलं नाही. माळावरून कोणी मधेच गावात गेलं होतं का, घराघरात विचारलं. कुणी नाही. हे नाव मुलीला कोण सांगणार? मॅनेजरनं? त्याला ते माहीत असतं तरी स्वतःच्या स्वयंपाकिणीला घालवून त्याचा काय फायदा? त्या मुलीला नंतर मेसेज केला. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, मला त्या भाषेतलं आता एक वाक्य येतं, बाकी काही नाही. माझ्या व्हिडिओची फ्रेम न् फ्रेम बघितली. कुलूप, उंबरा, कट्टा.

आणि रिसॉर्ट? तुम्हाला वाटेल, त्यांचं काहीतरी वाईट झालं असेल. काही झालं नाही! जोरात चालू आहे. उलट त्या जोडप्याची गोष्ट तिथल्या लोकांनी ऐकली आणि यंदा पॅकेजमध्ये नवीन ओळ आली — 'सायलेंट विलेज एक्स्पीरियन्स, वर्षातून एकच दिवस'. बुकिंग सुरू आहे. पाणी घेतलंत, रस्ता घेतलात, आक्काच्या हातची भाकरी घेतलीत, आता आमची मेलेली माणसंही मेनूवर?

यावर पत्रक लिहायला बसलो तर मला एक वाक्य सुचेना. शेवटी वर्षभर मनात ठेवलेलं आक्काला विचारून टाकलं.

"त्याच्या जरा आधीच मी त्याच दारात उभा हुतो आक्का. त्या पोरीला दिसली. तिच्याशी बोलली. मग मला का न्हाय?"

ती भांडी घासत होती. म्हणाली, "तू मोबाईल धरून उभा हुतास. गाव सोडून जायाचं, तर तू बघायला थांबलास. त्या पोरीनं निदान तिच्याकडं पाणी तरी मागितलं."

प्लेगचं माझं पत्रक मी मागे घेतलेलं नाही. पण यंदाच्या पाळणुकीला मी सकाळीच माळावर जाणार आहे, मोबाईल घरात ठेवून. तुम्ही बुकिंग केलं असेल तर रद्द करा. आमची आई त्या दिवशी घरी येते की नाही, मला माहीत नाही. येत असेल, तर तिच्या दारात गर्दी नको.