बेलभंडार आणि बाप्तिस्मा

माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न एकच होता, काय मिळालं? औशाला माझं सासर. तिथली माणसं तोंडावर विचारत नव्हती, जेवताना विषय काढून माझ्याकडं बघत होती. मी म्हणायचे, गुडघेदुखी मिळाली, प्रार्थनेला फार वेळ मांडी घालून बसावं लागतं ना. मग विषय बंद व्हायचा.

खरंच काही मिळालं नव्हतं. आई नांदेडच्या दवाखान्यात होती तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला एक पास्टर यायचा. त्यानं आईसाठीही प्रार्थना केली. आई वाचली नाही. वाचली असती तर मला समजलं असतं. नवस फेडावा तसे बाबा तिकडं गेले, असं म्हणता आलं असतं. पण तेरावं उरकल्यावर बाबा त्या पास्टरला शोधत उमरीला गेले. शेवटी शेवटी आई भीत नव्हती, ते कशामुळं, हे त्यांना बघायचं होतं म्हणे. मला काही ते पटलं नाही. बायको गेलेल्या माणसाला रविवारी कुठंतरी जाऊन बसायला जागा लागते, असं माझं मत होतं.

वर्षभरात बाबांनी बरंच सोडलं. आई आयुष्यभर बोलूनही न सुटलेली तंबाखू सोडली. देव्हाऱ्यातले टाक माझ्या भावाच्या हवाली केले. हे सगळं ते सभेत उभे राहून सांगायचे, त्याला साक्ष देणं म्हणतात. मी एकदा ऐकली. काय काय सोडलं ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की लोक माना डोलवायला लागले. मी मनात म्हटलं, भाषणाची हौस तेवढी सुटली न्हाई बघा.

आता राहिला होता फक्त बाप्तिस्मा. त्याच्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मधल्या मधे मेलो तर मला जाळतील का पुरतील, असं त्यांनी एकदा मला फोनवर विचारलं, आणि ते चेष्टेत विचारत नव्हते. त्यांच्या मंडळीत नदीत बुडवून बाप्तिस्मा देतात. त्या मे महिन्यात नदीला पाणी नव्हतं, म्हणून बाबांनी स्वतःचं शेततळं देऊ केलं. तळं बोअरच्या पाण्यानं भरलेलं होतं, आणि गावानंही बघितलं पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं.

पास्टर मोटारसायकलवर तळं बघायला आला. हदगावकडचा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. मी सुट्टीत माहेरी होते म्हणून बरोबर गेले. तळ्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळानं निसरडा झाला होता, दोर बांधावा लागेल असं तो सांगत होता. तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेले माझे काका दिसले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघं कित्येक वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. एवढा वळसा कशाला, सरळ बांधावरनं का येत नाहीत, असं पास्टरनं सहज विचारलं. बाबा म्हणाले, तिथं वाट न्हाई.

न्हाई काय! आमच्या लहानपणी त्या बांधावरून बैलगाडी जायची आणि काकांच्या शेताची तीच वाट होती. पण दर पेरणीआधी बाबांचा नांगर बांधात एक ओळ आत घुसायचा. याला बांध कोरणं म्हणतात, आणि आमच्याकडं ती चोरी समजत नाहीत. शेवटी हद्दीचा दगड आडवा आला, तर बाबांनी तो उपटून ओढ्यात ढकलला. काकांनी पंच बसवले. पंचांनी बाबांना मारुतीच्या देवळात बेलभंडार उचलायला सांगितलं. बेलाचं पान आणि भंडारा हातात धरून बाबा म्हणाले की दगड मी हलवला न्हाई, वाट इथं कधी नव्हतीच. अशा शपथेपुढं गावात कुणी बोलत नाही. काका खोटे पडले आणि ओढ्यानं ये-जा करायला लागले.

पास्टरला हे सगळं तिथंच मी सांगितलं. माझं तोंड गप्प बसत नाही, आणि हा काय म्हणतो ते बघायचंही होतं.

बाबा अजिबात गडबडले नाहीत. ज्या देवापुढं शपथ घेतली तो देवच सोडला, म्हणजे शपथ कसली राहिली, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पापं तर येशूनं धुतली. ते लबाडी करत नव्हते, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

पास्टर म्हणाला, "शपथ देवापुढं घेतली असेल, ब्रदर. वाट मात्र भावाची गेली."

एवढंच. बाप्तिस्मा देणार नाही असं तो म्हणाला नाही. तुम्ही सांगाल तेव्हा येतो म्हणाला आणि गेला.

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. कालचा पोरगा मला शिकवायला निघाला, देवाला बांधाशी काय करायचं, वगैरे. पुढच्या रविवारी ते उमरीला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी खुशीत औशाला परतले. चला, खूळ उतरलं. भाऊही खूश होता, कारण ती जमीन उद्या त्याचीच होती. पण बाबा देव्हाऱ्याकडंही वळले नाहीत. नुसते बांधावर जाऊन बसून राहतात, जेवायला हाक मारली तरी उठत न्हाईत, असं भावानं सांगितलं तेव्हा मला काळजी वाटली.

पेरणीच्या तोंडावर भावाचा फोन आला. म्हाताऱ्यानं पंच बोलावलेत, तू ये आणि समजाव. मी मिळेल त्या बसनं गेले. समजावायला वेळच मिळाला नाही. मारुतीच्या पारावर पंच बसले होते, काका एका कडेला उभे होते. बाबा पायरीपाशी उभे राहून म्हणाले, "हितं मी खोटं बोललो. दगड मीच उपटला. माझा भाऊ खरा हाय." कुणीतरी हसून म्हणालं, देव बदलल्यावर कबूल करायला काय जातंय. आईच्या अंत्ययात्रेत रडले नाही तेवढी मी तिथं रडले.

शेताकडं जाताना मी विचारलं, बाप्तिस्मा मिळावा म्हणून करताय का हे?

"त्यो कवा न्हाई म्हणला? माफी आधीच झालीय म्हणतो. फुकट." थोडं चालून ते म्हणाले, "फुकट मिळाली म्हणून तर झोप लागंना."

बाप्तिस्मा पुढच्या आठवड्यात झाला. लेकरांची शाळा होती म्हणून मी थांबले नाही. पण पंच उठल्यावर दगड रोवला, ती दुपार मी पाहिली.

बाबांनी आणि एका गड्यानं ओढ्यातला दगड शोधून वर आणला होता. कुठं रोवायचा ते काकांनी सांगायचं होतं. काका पहार घेऊन बांधावरनं निघाले, बोरीच्या झाडाशी आले आणि पुढं गेले. पार आमच्या शेतात आत जाऊन त्यांनी पहार मारली. दगड बोरीला लागून होता. मला ते नीट आठवत होतं आणि बोर अजून उभी होती. माझं डोकंच फिरलं.

"काका, बोरीजवळ होता दगड," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते बाबांकडं बघत राहिले. बाबांनीही बोरीकडं एकदा पाहिलं.

"तू गप," बाबा मला म्हणाले. "त्या दगडापायी मी भंडारा उचलला. त्यो कुठं होता हे सांगायचं तोंड मला आता न्हाई. ह्यो म्हणंल तिथं."

आणि ते खाली बसून खणायला लागले. काकांनी पहार खाली ठेवली. मग त्यांनी वाकून दगड उभा धरला, आणि बाबा त्याच्या बुडाशी माती लोटत राहिले. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. पण आज रात्री बाबांना झोप लागणार होती, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांचा हेवा वाटला.