वृंदाचा ताप आणि माझा विजयी चौकार

माझ्या बायकोला त्या शनिवारी सणसणीत ताप होता, आणि तो मी एडिटिंगमध्ये काढून टाकला.

सविस्तर सांगतो. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आम्ही मराठी मंडळींनी टेनिस बॉलची क्रिकेट टूर्नामेंट भरवली होती. फायनलच्या शेवटच्या चेंडूवर मी चौकार मारला! (बॅटची कड लागली, असं काही मत्सरी लोक म्हणतात.) मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "यावर डॉक्युमेंट्री होणार!" टीव्हीवर खेळांच्या डॉक्युमेंट्रीज पाहून पाहून त्यातल्या सगळ्या खुब्या मला पाठ होत्या. उदाहरणार्थ, एकच चौकार तीन अँगलनी दाखवायचा. आमच्याकडे कॅमेरा एकच, तो धरणारा मित्रही एकच, दीपक. पण माझं काही अडलं नाही. पुढच्या शनिवारी मैदानावर जाऊन तोच चौकार पुन्हा मारला. (मारता येईना, तेव्हा दीपकने एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने चेंडू सीमेपार फेकला.)

मग हवा रिअ‍ॅक्शन शॉट. नायकाने पराक्रम केला की कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या बायकोकडे वळायलाच हवा. आणि माझी बायको वृंदा फायनलला नेमकी घरी, पांघरुणात! पण मी डगमगणारा दिग्दर्शक नव्हे. आधीच्या एका मॅचच्या टेपवर वृंदा आनंदाने उड्या मारतानाचा झकास शॉट सापडला. उचलला, चौकाराला चिकटवला, स्लो मोशन केला आणि मूळ आवाज न ऐकताच पुसून त्यावर ढोलताशा टाकला. कुठे सांधा दिसेल तर शपथ!

शो ठेवला सुमनकाकूंच्या बेसमेंटमध्ये. काकू म्हणजे वृंदाचं इथलं माहेर. आमच्या लेकीच्या, सईच्या वेळी वृंदाच्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा बाळंतपण काकूंनीच केलं होतं. फायनलच्याच दिवशी त्यांच्या नातवाचं बारसं होतं, आणि तापामुळे वृंदाला जाता आलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. एडिटिंग करताना तेवढं आठवलं नाही, इतकंच.

टीव्हीवर चौकार बसला, टाळ्या पडल्या, ढोल कडाडला आणि वृंदा हवेत! खाली यायचं नावच घेईना. (स्लो मोशन मी जरा सढळ हाताने लावला होता.)

काकू थंडपणे म्हणाल्या, "वृंदा, ताप नाचून उतरवलास वाटतं?"

"काकू, मी नव्हतेच तिथे!"

"अगं, दिसतेयस की समोर."

"काकू, तो शॉट दुसऱ्या मॅचचा आहे," मी म्हणालो.

"राहू दे रे. बायकोची बाजू घेतोयस, कळतं मला. नव्हतं यायचं तर तसं सांगायचं."

खरं सांगतो, माझं एडिटिंग इतकं बिनतोड ठरल्याचा क्षणभर मला आनंदच झाला! पण तेवढ्यात वृंदाचे डोळे भरून आले. या परक्या मुलखात तिचं हक्काचं एक माणूस, तेही माझ्या हौसेपायी दुरावणार!

"अरे यार, ओरिजिनल टेप लाव ना," दीपक म्हणाला. "प्रूव्ह होऊन जाईल."

"आत्ता लावतो!" मी छाती काढून म्हणालो. पिशवीतून टेप काढली, कॅमेरा टीव्हीला जोडला आणि कुणाला शंका नको म्हणून आवाजही मोठा केला.

दुसरंच मैदान, समोर दुसरीच टीम. सगळ्यांनी पाहिलं. वृंदा निर्दोष सुटली! मी विजयी मुद्रेने काकूंकडे वळलो, तेवढ्यात टीव्हीवर मी बॅट फिरवली आणि माझी दांडी गुल. कॅमेरा गर्रकन प्रेक्षकांकडे गेला. तिथे वृंदा उड्या मारत किंचाळत होती, "आऊट! आऊट झाला एकदाचा! चला गं, उघडा डबे! भुकेने जीव चाललाय!"

बेसमेंट हास्याने दणाणलं. काकूंनी डोळे पुसत वृंदाला जवळ घेतलं. "चुकलं गं माझं. तुझा ताप अगदी खरा होता. आणि हा आनंदही!"

माझी उरलेली डॉक्युमेंट्री पाहायला कुणीच तयार नव्हतं. वन्स मोअर मात्र भरघोस मिळाले. माझी दांडी स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा उडत राहिली, आणि रिमोट वृंदाच्या हातात होता!