इथपर्यंत आले

सिस्टिम्स प्रोग्रामिंगची लॅब. सबमिशनला जेमतेम तास उरलेला. शेजारच्या मृणालचा प्रोग्राम चालता चालता मधेच बंद पडत होता. नेमका कुठे अडतो ते कळावं म्हणून तिने मधे एक ओळ घातली. पडद्यावर फक्त 'इथपर्यंत आले' एवढं उमटवणारी. आणि प्रोग्राम शेवटपर्यंत सुरळीत चालला! ओळ काढली की पुन्हा बंद.

"बघायला गेलं की शहाण्यासारखा वागतो," ती वैतागली.

"मग राहू दे ना ती ओळ," मी म्हटलं.

"आणि सरांनी विचारलं, ही कशाला, तर?"

तिचं बरोबर होतं. चूक गेली नव्हतीच. कुणी पाहतंय म्हणून तेवढ्यापुरती दबून होती. माणसाचंही असंच होत असेल का?

तेवढ्यात आईचा फोन आला. "कशी आहेस गं? जमतंय ना?"

"जमतंय की," म्हटलं. ती बोलत होती तोवर खरंच जमेलसं वाटत होतं. फोन ठेवला आणि पुन्हा वाटू लागलं, आपल्याला काहीच जमत नाहीये.

शेजारी मृणालने ती ओळ गुपचूप परत घातली. मीही आईला परत फोन लावला.