अर्ध्या दिवसाची बाई

माझी आई पेणला गणपतीच्या कारखान्यात जायची. सकाळी घरचं आणि शेताचं उरकून दुपारी मूर्ती घासून गुळगुळीत करायला बसायची, म्हणून तिथे तिला अर्ध्या दिवसाची बाई म्हणत. पूर्ण दिवसवाल्यांना रजा आणि बोनस. अर्ध्या दिवसाच्या बायकांना भाद्रपदात एक मूर्ती फुकट. आई ती मूर्ती अशी मिरवत आणायची, जणू शेठने कारखानाच तिच्या नावावर केला.

गेल्या पावसाळ्यात फळीवरून मोठी मूर्ती घसरली. ती फुटू नये म्हणून आईने हात आडवा घातला. मूर्ती वाचली. आईचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

मी रोह्याला दिलेली. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, "अर्धा दिवस काम केलं म्हणून कामगार अर्धा होत नाही. कामावर इजा झाली, भरपाईचा हक्क आहे. आईंनी फक्त ‘मी तिथे कामाला होते’ एवढं सांगायला हवं."

आम्ही भरपाईचा दावा लावला. सुनावणीला शेठने येताना छोटा गणपती आणला, आपल्या पुढच्या टेबलावर ठेवला आणि अगदी गोड बोलला. "घरच्यासारख्या आहेत आमच्या. हौसेनं यायच्या, बाप्पाची सेवा म्हणून."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आईला विचारलं, "मावशी, तुम्ही तिथे कामाला होतात ना?"

"काम कसलं, साहेब? बाप्पाच्या अंगावर हात फिरवायचा. सेवाच ती."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. शेठ मान खाली घालून बसला होता, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आमचा दावा तिथेच बारगळला.

बाहेर आल्यावर मी ओरडलेच. "हात गेला गो तुझा! मजुरी घेत होतीस ना?"

"ती चहापाण्याला. बाप्पाचं पैशासाठी केलं, असं त्याच्या देखत कसं सांगू? शेठच्या टेबलावर समोरच बसलावता तो बाप्पा."

त्या चहापाण्यावर माझी शाळा झाली, लग्न झालं. पण हे तिला कोण सांगणार?

यंदाही शेठने मूर्ती पाठवली. मला ती घरात नको होती. आईने मात्र पाट मांडून ठेवला होता. आरती झाली, सगळ्यांनी हात जोडले. आईचा डावा हात वर आला आणि तसाच थांबला. मग ती माझ्याकडे वळली.

"तुझा हात दे गो."

मी उजवा हात पुढे केला. तिने आपला तळवा माझ्या तळव्याला लावला आणि डोळे मिटले. मला माझे मिटवेनात. मी रडत त्या मूर्तीकडे बघत राहिले.