मागच्या सीटवरची आई

मेकॅनिकने गाडीचे जुने शॉकॲब्सॉर्बर काढून फरशीवर ठेवले. तेल गळून ते काळेकुट्ट झाले होते, धक्के झेलणाऱ्या रबरी बुशांचा तर भुगा झाला होता. नवे बसवून मी आईला घेऊन फिजिओथेरपीला निघालो. कमरेच्या ऑपरेशनपासून ती याच गाडीत मागे बसून येते. गाडी आदळली की मी म्हणायचो, “रस्तेच वाईट आहेत गं.”

आज त्याच रस्त्यावरून गाडी अलगद चालली होती. आरशात पाहिलं, तर एरवी घट्ट धरलेलं दारावरचं हँडल सोडून आई निवांत बाहेर बघत होती.

“आई, एवढं दुखत होतं, तर बोलली का नाहीस?”

“तू रजा टाकून नेतोस रे. वर आणखी माझं गाऱ्हाणं कुठे?”

जवळची माणसं निमूट सोसतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पुढे खड्डा दिसला. गरज नव्हती, तरी मी गाडी अगदी हळू केली.