शेवटच्या सायकलची शिट्टी

तो रविवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण निवृत्तीनंतर घरात निवांत बसलं की आठवतो तो हा साधा अपघात. कारण त्यात चुकीच्या माणसाला पोलीस ठाण्यात आणून बसवणारा मीच होतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. रस्ता तेव्हा अरुंद, दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच एखादा कारखाना. डोंबिवलीतल्या हौशी सायकलवाल्यांचं एक मंडळ दर रविवारी सकाळी या रस्त्याने जायचं. बँकेतले, कंपनीतले, एक किराणा दुकानदार असे दहा-बारा जण. शीळफाट्याला चहा-भजी, थोड्या गप्पा आणि दहाच्या आत घरी. शर्यत वगैरे भानगड नाही. आमचे हवालदार त्यांना ‘भजी एक्सप्रेस’ म्हणायचे.

पण शिस्त कडक. एकामागोमाग एकच रांग. सर्वांत शेवटी मंडळ सुरू करणारे सर. हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, साठीच्या घरातले. मागून वाहन आलं की सर ओरडायचे, ‘ट्रक!’ किंवा ‘एसटी!’ त्यांच्या पुढचा तेच पुढे ओरडायचा, त्याच्या पुढचा आणखी पुढे. असं करत ते पहिल्या सायकलपर्यंत पोहोचायचं. मागे वळून कोणी बघायचं नाही, कारण वळून बघितलं की हँडल हलतं. सरांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. शेवटच्या माणसाला कशासाठीही थांबायचं झालं तर त्याने शिट्टी वाजवायची, मग सगळी रांग थांबणार. नियम सरांनीच केलेला.

थंडीचे दिवस होते. धुकं होतं. मंडळ फाट्यावरून डोंबिवलीकडे परत निघालं होतं. सरांच्या पुढचा माणूस, म्हणजे रांगेतला शेवटून दुसरा, रासायनिक कंपनीत केमिस्ट होता. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, सरांचाच जुना विद्यार्थी. त्याला मागून वाहनाची धडक बसली. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. वाहन पळून गेलं. मी पोहोचलो तेव्हा त्याला रुग्णालयात नेलं होतं आणि बाकीचे रस्त्याच्या कडेला सुन्न होऊन बसले होते.

पंचनामा केला. मोडलेली सायकल, रक्त, थोडे काचेचे तुकडे. मग जबाब घेतले, एकूण नऊ. सगळे म्हणाले टेम्पो. आमच्या धंद्यात दोन साक्षीदार एक बोलले तरी आनंद होतो, इथे तर नऊ होते. मी खूश झालो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या माझ्या खबऱ्याने सांगितलं, ‘साहेब, त्या टायमाला मच्छीचा निळा टेम्पो जातो. कोपरीकडून येतो, डोंबिवलीच्या बाजारात. रोजचा आहे.’ दुपारपर्यंत टेम्पो आणि चालक दोन्ही ठाण्याच्या आवारात. चालक कोळी, पन्नाशीचा, टेम्पो स्वतःचा. डाव्या बाजूला पत्रा चेपलेला. मी मनात म्हटलं, झालं काम.

चौकशीत त्याने एकच पालुपद लावलं. ‘त्या सायकलींच्या बाजूनं मी गेलो, खरं हाय. हॉर्न मारला, गेलो. मी नाय मारला कोनाला.’

‘नऊ माणसं खोटं बोलतात?’ मी टेबलावर हात आपटून विचारलं.

‘ते मना काय म्हाईत? पन साहेब, खाडीत मानूस पडला तं आमी जालं सोडून होरी फिरवतो. रस्त्यावर मानूस टाकून पलंन का मी?’

असली वाक्यं मी खूप ऐकली होती. गुन्हा जामीनपात्र होता. पण हा पठ्ठ्या जामीन घेईना. ‘जामीन घेतला तं गावात बोलतील, यानंच मारला.’ शेवटी त्याच्या मेहुण्याने समजूत काढून कागदावर सही करवली. टेम्पो मात्र तपासणीसाठी आमच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस सकाळी यायचा आणि टेम्पोच्या सावलीत बसायचा. भांडण नाही, विनवणी नाही. ठाणे अंमलदार त्याला चहा द्यायचा, तो घ्यायचा नाही. बाजारात त्याच्या बायकोच्या मासळीच्या पाटीकडे गिऱ्हाईक फिरकेना, असं कानावर आलं. मी खिडकी लावून घेतली.

गुरुवारी मोटार वाहन निरीक्षक टेम्पो तपासायला आले. खाली वाकून, दिवे चाचपून म्हणाले, ‘फौजदार, चेपलेला पत्रा जुना आहे, आत गंज धरलाय. आणि दिवे दोन्ही शाबूत, तेही जुनेच. मग तुमच्या पंचनाम्यातली काच कुणाची?’

‘सायकलच्या दिव्याची असेल.’

‘सायकलला दिवा होता?’

नव्हता. मी स्वतः सायकलचं वर्णन लिहिलं होतं आणि त्यात दिव्याचा उल्लेखच नव्हता. निरीक्षक गेले आणि मी कागद घेऊन बसलो. नऊ जबाब पुन्हा वाचले. आठ जणांचे शब्दसुद्धा सारखे होते: मागून टेम्पो आला व धडक देऊन पळाला. कोळ्याला सोडायचं तर नऊ साक्षीदार आडवे येत होते, न सोडायचं तर काच. मी ठरवलं, हे मुळापासून काढायचं, मग कोणी हसो.

रविवारी ठाण्याची सरकारी सायकल काढली आणि साध्या कपड्यांत मंडळाबरोबर निघालो. हवालदारांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. पहिल्याच चढाला मांड्या भरून आल्या. मला रांगेच्या मधोमध ठेवलं होतं. काही वेळाने मागून आवाज आला, ‘ट्रक!’ मीही पुढच्याला ओरडून सांगितलं, ‘ट्रक!’ हॉर्न वाजला, काहीतरी मोठं घरघरत बाजूने गेलं. माझी नजर समोरच्या चाकावर. आणि तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, ट्रक आला. पाहिला होता का? नाही. मागच्याच्या तोंडून ऐकला आणि पुढे दिला. आठ जबाब आठ माणसांचे नव्हतेच. ते एका माणसाचे होते, सरांचे.

फाट्यावर चहा घेताना एकेकाला बाजूला घेतलं. ‘टेम्पोने धडक देताना तुम्ही पाहिलं?’

किराणावाला म्हणाला, ‘पाहिलं म्हणजे... टेम्पोचा आवाज दिला होता ना. टेम्पो पुढे गेला, मागे धाडकन वाजलं, वळून बघतो तर हा पडलेला.’

‘आधी टेम्पो पुढे गेला की आधी वाजलं?’

‘आधी... टेम्पो गेला.’ सगळ्यांचं तेच. टेम्पो गेला त्यानंतर आवाज झाला होता, आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय आवाजानंतर त्यांच्या बाजूने एकही वाहन पुढे गेलं नव्हतं.

सरांचा जबाब मी खिशात ठेवला होता. आता तो वेगळा दिसला. ‘मागून टेम्पो आला. मी आवाज दिला. नंतर तो मला पडलेला दिसला.’ धडक दिली, असं त्यांनी कुठेच म्हटलं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं. मी तो दहा वेळा वाचला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

सरांना घेऊन मी टपरीमागच्या बाकावर बसलो. आवाज चढवला नाही. म्हटलं, ‘सर, तो तुमच्या पुढे होता. त्याला मागून मार बसला. मग ते वाहन आधी तुमच्या बाजूने जायला हवं. तुम्ही आवाज का दिला नाही?’

त्यांनी शिट्टीच्या दोरीला पीळ दिला. मग म्हणाले, ‘मी रांगेत नव्हतो.’

‘कुठे होतात?’

‘रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. दम लागतो हल्ली. दोन महिने झाले, अधूनमधून असाच थांबतो आणि पुढे गाठतो. टेम्पो गेला आणि मी उतरलो. शिट्टी वाजवली नाही.’

‘का?’

‘वाजवली असती तर सगळे थांबले असते. कळलं असतं, सर संपले. मग रविवारी घरी बसा म्हणाले असते. माझ्या मागे कोणी नसतं, फौजदार. माझ्या पुढे ही मुलं असतात, तेवढंच आहे मला.’ त्यांचे डोळे भरले. ‘आणि त्या पोराला वाटत होतं, पाठीमागे मी आहे.’

मला त्यांचा राग आला होता. संतापच. आवारात टेम्पोपाशी बसलेला माणूस डोळ्यांसमोर होता. ‘तो कोळी सहा दिवस ठाण्यात बसून आहे, सर. रोज. तुम्हाला माहीत आहे?’

सरांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. पेन्सिलीने काढलेली मोटार होती. पांढरी, टपावर कॅरिअर, त्याची एक दांडी वाकलेली, मागच्या काचेला झालरीचे पडदे. शेजारी तीच मोटार समोरून, डावा दिवा फुटलेला. धडक दिल्यावर चालकाने गाडी वळवली होती आणि सरांच्या समोरून परत शीळफाट्याकडे पळाला होता. सरांनी ती दोनदा पाहिली होती. साऱ्या रस्त्यावर तिला पाहणारा तो एकच माणूस होता. त्याच दिवशी घरी जाऊन त्यांनी चित्र काढलं आणि आठवडाभर खिशात घेऊन फिरले.

नंबराच्या पाटीवर शेवटचे दोनच आकडे होते. मी म्हटलं, ‘बाकीचे?’

‘धुकं होतं. दिसले नाहीत. जे दिसलं नाही ते मी काढत नाही.’

ते वाक्य मला लागलं. नऊ जबाब लिहिताना हा नियम मी पाळला नव्हता.

त्या चित्रावर आम्ही मुंब्र्यापासून ठाणे शहरापर्यंत गॅरेजं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी कोपरीच्या एका गॅरेजमध्ये मोटार सापडली. दिवा नवा बसवला होता, जुना कोपऱ्यात पडलेला. आमच्याकडचे तुकडे त्यात बरोब्बर बसले. मालकाने थोडा वेळ आढेवेढे घेतले, मग मान खाली घातली.

टेम्पोची चावी मी स्वतः कोळ्याच्या हातात दिली. ‘माझी चूक झाली,’ म्हणालो. वर्दीत असं म्हणायची सवय नसते.

तो म्हणाला, ‘तुमचा काय, साहेब. तुमाला सांगनारे नऊ व्हते. मना सांगनारा एक पन नव्हता.’ आणि टेम्पो काढून निघून गेला. त्याच संध्याकाळी सर त्याच्या घरी गेले होते. तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर मी जबाब मोजणं सोडलं. साक्षीदाराला पहिला प्रश्न एकच विचारायचो: पाहिलं की ऐकलं? माणूस मुद्दाम खोटं बोलतो तेव्हा त्याला पकडता येतं. प्रामाणिक माणसं ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगतात, तेव्हा मात्र आपल्यालाच जागं राहावं लागतं. आणि दुसरं असं, की खरं सांगायला माणूस दर वेळी शिक्षेला घाबरतो असं नाही. सर घाबरले होते ते रविवार जाईल म्हणून.

चार-पाच महिन्यांनी जीपमधून त्या रस्त्याने येत होतो. पुढे मंडळाची रांग होती. केमिस्ट अजून घरी काठी घेऊन चालत होता, पण रांगेच्या शेवटी सरच होते. मोरीजवळ शिट्टी वाजली आणि सगळे थांबले. सर उतरून मोरीवर बसले. किराणावाल्याने त्यांची सायकल धरली आणि बाकीचे उभ्या उभ्या गप्पा मारू लागले. मागून निळा टेम्पो आला, हॉर्न वाजवला आणि पुढे गेला. आवाज द्यायची गरज नव्हती, तरी सर बसल्या जागेवरून ओरडले, ‘टेम्पो!’ त्या दिवशी मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं.