पंच्याण्णव हजारांवरची टकटक

वाळवंटातल्या मारी गावात डिझेल गाडीचं दुखणं कानानं ओळखणारा माणूस एकच, गॅरेजवाला लीथ पॅस्को. बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून तो इंजिन ऐकायचा, आणि त्याचं निदान सहसा चुकायचं नाही.

जुलैतल्या एका शुक्रवारी शेजारची आर्डिस कोल्थार्ड आपली फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन आली. चारशे किलोमीटरवर, ऊडनाडाटाला, तिची थोरली बहीण मर्ना अंथरुणाला खिळली होती.

"उद्या उजाडताच निघतेय. एकदा बघ रे."

लीथनं तळवा ठेवला. खोल आत, अगदी बारीक टकटक. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग? पण गाडी जेमतेम पंच्याण्णव हजार किलोमीटर चाललेली. अशी इंजिनं चार-पाच लाख सहज काढतात. खात्री करायची तर खालचं ऑइल चेंबर उतरवायला हवं, म्हणजे उद्याचा अख्खा दिवस. आणि उद्या गावात उंटांच्या शर्यती. यंदा पहिल्यांदाच त्याला पंच नेमलं होतं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "ऑइल बदलतो, बिनघोर जा."

"वाटेत अडकले तर शर्यतीतल्या एखाद्या उंटावर बसून न्यायला ये!" ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, विल्यम क्रीकच्या अलीकडे, रॉड इंजिन फोडून बाहेर आला. आर्डिस धुळीच्या रस्त्याकडेला बसून राहिली. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरवाल्यानं तिला उचललं तेव्हा रविवारची सकाळ झाली होती. ती ऊडनाडाटाला पोचली तेव्हा मर्नाला जाऊन तीन तास झाले होते. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत "आली का?" विचारत होती म्हणे.

लीथनं गाडी ओढून आणली, चेंबर उतरवलं. बेअरिंगच्या वाट्यांवरचा करडा थर पार झिजून तांबं उघडं पडलं होतं. ती निघण्याआधी चेंबर उघडलं असतं तर हेच दिसलं असतं. नव्या वाट्या तर फळीवरच पडल्या होत्या.

आठवड्यानं मर्नाच्या मातीला तो गेला, पण मागेच उभा राहिला. सगळं आटोपल्यावर आर्डिस हातात चहाचा मग घेऊन त्याच्याजवळ आली. आठ दिवस घोकलेलं वाक्य त्यानं कसंबसं बाहेर काढलं.

"आर्डिस, मला आवाज आला होता. शुक्रवारीच."

तिनं मग खाली ठेवला.

"शर्यतीसाठी?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मलाही महिनाभर येत होता," ती म्हणाली. "मी रेडिओ मोठा करायचे. मर्नाचे निरोप येत होते, तेव्हाही असंच... जाऊ पुढच्या महिन्यात, म्हणायचे." मग तिचा आवाज चढला. "पण तुला कळत होतं, लीथ! मी तुला विचारायला आले होते."



त्यानंतर तसलं इंजिन ऐंशी हजारांवर आलं की लीथ चेंबर उघडल्याशिवाय गाडी सोडेना. लोक चिडत, "म्हातारा उगाच घाबरवतो" म्हणत. तो त्यांच्याच इंजिनातल्या झिजलेल्या वाट्या त्यांच्या हातावर ठेवायचा. बहुतेकांची बोलती बंद व्हायची. आर्डिसचं इंजिन त्यानं नव्यानं बांधून दिलं. तिनं गाडी घेतली, बोलणंही ठेवलं. पण लांब जायचं झालं की ती आता दूर पोर्ट ऑगस्टाच्या गॅरेजात गाडी दाखवून यायची, आणि तिची गाडी दारावरून जाताना लीथ हातातला पाना खाली ठेवून आवाज विरेपर्यंत ऐकत राहायचा.